गोळी बंद करण्याआधी : औषधे आणि स्त्रियांची हाडे

प्रश्न : माझे वय ५२ आहे. आमवातासाठी पाच महिन्यांपासून मेथोट्रेक्सेट आणि रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेते. स्टिरॉइडने हाडे ठिसूळ होतात असे सगळे सांगतात. ते बंद करू का?

उत्तर : सगळे सांगतात ते खरे आहे, पण म्हणून गोळी परस्पर बंद करणे धोक्याचे ठरेल. स्टिरॉइड बरेच आठवडे पोटात गेले की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी आपले काम मंदावतात आणि अशा वेळी गोळी एकाएकी थांबवली, तर रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकते. शिवाय आटोक्यात नसलेला आमवात स्वतःही हाडे पोखरत असतो. मेथोट्रेक्सेटचा गुण यायला साधारण दीड ते तीन महिने लागतात. आपले पाच महिने झाले आहेत, तेव्हा स्टिरॉइडचा डोस आता टप्प्याटप्प्याने उतरवता येईल का, हे डॉक्टरांना आपणहून विचारावे.

हाडांची झीज सर्वांत वेगाने होते ती स्टिरॉइड सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन ते सहा महिन्यांत, त्यामुळे ‘वर्षभराने बघू’ हा सल्ला मला पटत नाही. रोज २.५ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रेडनिसोलोन तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ चालणार असेल, तर हाडांची जोखीम तपासावी, असे संधिवाततज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. आपण डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी, लगेच करून घ्यावी. अहवालात टी-स्कोअर (आपल्या हाडांच्या घनतेची तरुण, निरोगी हाडांशी तुलना) उणे २.५ किंवा त्याखाली असला की अस्थिविरलता, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, मानतात. मात्र स्टिरॉइड घेणाऱ्या स्त्रीचे हाड त्याहून बऱ्या आकड्यालाही मोडू शकते, म्हणून केवळ आकडा पाहून निर्धास्त होऊ नये. आहार आणि गोळ्या मिळून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जावे. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास असते.

जाता जाता एक सांगतो. गुडघेदुखीवर ‘हमखास गुण’ देणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्यांत अनेकदा स्टिरॉइडच मिसळलेले सापडते. डॉक्टर लिहून देतात त्या स्टिरॉइडचा डोस निदान ठाऊक असतो.

प्रश्न : स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर मला लेट्रोझोल सुरू केले आहे. पाळी गेलेली आहे. हाडांसाठी ते बदलून टॅमॉक्सिफेन घ्यावे का?

उत्तर : पाळी गेलेल्या स्त्रीच्या शरीरात जे थोडे इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक तयार होते, तेही लेट्रोझोल जवळजवळ थांबवते. कर्करोग रोखला जातो तो यामुळेच, आणि हाडे झिजतात तीही यामुळेच. टॅमॉक्सिफेन या वयात हाडे काहीशी राखते, हे खरे. परंतु कर्करोग उलटू न देण्यात लेट्रोझोलचा गट सरस ठरला आहे, आणि टॅमॉक्सिफेनचे रक्ताच्या गुठळ्या व गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग हे धोके वेगळेच आहेत. हाडांची झीज औषधाने भरून काढता येते, उलटलेला कर्करोग तितक्या सहज आवरत नाही. त्यामुळे केवळ हाडांसाठी बदल करावा, असे मला वाटत नाही. सुरुवातीला एकदा आणि पुढे एक-दोन वर्षांनी डेक्सा करावी. गरज पडल्यास झोलेड्रोनिक आम्लाचे इंजेक्शन देतात. पाळी गेलेल्या स्त्रियांत त्याने कर्करोग हाडांत पसरण्याची शक्यताही काही प्रमाणात घटते.

प्रश्न : दहा वर्षे थायरॉइडची गोळी घेते, पित्तासाठी पॅन्टोप्राझोलही रोज असते. हाडांना अपाय होईल का?

उत्तर : थायरॉइडच्या गोळीचा डोस योग्य असेल तर नाही. डोस जास्त होऊन टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक) फार खाली राहिले, तर पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे विरळ होतात. म्हणून वर्षातून एकदा रक्त तपासावे, आणि कॅल्शियमची गोळी थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी घ्यावी. पॅन्टोप्राझोलचा हाडांशी आढळलेला संबंध क्षीण आहे. खरा प्रश्न ते अजून लागते का, हा आहे. लागतच असेल तर कॅल्शियम कार्बोनेटऐवजी सायट्रेट घ्यावे, कारण ते शोषले जाण्यासाठी जठरातल्या आम्लावर अवलंबून नसते.

प्रश्न : आई ६८ वर्षांची आहे, तिचा पाठीचा एक मणका दबला आहे. अ‍ॅलेंड्रोनेटने जबड्याचे हाड सडते असे वाचून ती हाडांसाठीची ही गोळी घ्यायला तयार नाही. त्याऐवजी सहा महिन्यांतून एकदाचे डेनोसुमॅब इंजेक्शन चालेल का?

उत्तर : अस्थिविरलतेसाठी देतात तेवढ्या डोसमध्ये जबड्याचा हा त्रास वर्षाला दहा हजारांत एखादीला किंवा त्याहूनही कमी जणींना होतो. उलट ज्यांचा एक मणका दबला आहे, त्यांचा दुसरा मोडण्याची शक्यता बरीच असते आणि अ‍ॅलेंड्रोनेट ती जवळपास निम्म्यावर आणते. दात काढायचे असतील तर ते आधी उरकावेत. मांडीच्या हाडाचा विचित्र फ्रॅक्चर हा दुसरा दुर्मिळ धोका औषधाच्या वर्षांबरोबर वाढतो. म्हणूनच साधारण पाच वर्षांनी थांबून फेरविचार करतात. मांडीत किंवा जांघेत ठणका लागला, तर आईंनी तो अंगावर काढू नये. आठवड्याची ७० मिलिग्रॅमची गोळी सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर नव्हे, आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिका सोलवटते.

डेनोसुमॅब गुणकारी आहे, पण जबड्याचा आणि मांडीच्या हाडाचा तोच दुर्मिळ धोका त्यालाही आहे. शिवाय त्याची तारीख चुकवून चालत नाही : इंजेक्शन लांबले किंवा पुढचे औषध न देता थांबवले, तर हाडांची झीज उसळून येते आणि काहींचे एकाहून अधिक मणके मोडतात. आईंचे मूत्रपिंड नीट काम करत असेल, रक्तातले कॅल्शियम व ड जीवनसत्त्व पुरेसे असेल आणि गिळायला त्रास नसेल, तर मी त्यांना गोळीच सुचवीन. गोळी सोसलीच नाही, तर वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे झोलेड्रोनिक आम्ल आहे.