पायाला जखम झाली की जांघेत गाठ का येते?

आपल्याकडे याला अवधाण येणं म्हणतात. जखम टाचेला आणि दुखतं जांघेत, म्हणून माणूस घाबरतो. पण ती गाठ नवी उगवलेली नसते, आधीपासूनच तिथे असलेली लसिकाग्रंथी सुजलेली असते.

रक्तवाहिन्यांमधून दिवसभर पाणी पेशींभोवती झिरपतं. बरंचसं परत रक्तात जातं, उरलेलं साधारण 3 लिटर, म्हणजेच लसिका, लसिकावाहिन्या नावाच्या बारीक नळ्या गोळा करतात. या वाहिन्यांना हृदयासारखा पंप नाही. त्यांच्या भिंती हळूहळू आकुंचन पावतात, चालताना पोटरीचे स्नायू दाबतात, आणि आतल्या झडपा पाणी मागे येऊ देत नाहीत. (बसच्या लांब प्रवासात पाय सुजतात, त्यामागे ही हालचाल थांबणं हेही एक कारण आहे.) शेवटी मानेच्या तळाशी हे पाणी पुन्हा शिरेत मिसळतं.

वाटेत गाळण्या म्हणजे या ग्रंथी. जखमेतले जंतू तिथे अडतात, पांढऱ्या पेशी झपाट्याने वाढतात, गाठ फुगते. ती चोळू नका. जखम स्वच्छ ठेवा, ती भरली की अवधाणही बसतं.

ताप आला, जखमेपासून वर लाल रेघ चढली, किंवा गाठ कडक, न दुखणारी असून दोन-तीन आठवडे तशीच राहिली, तर मात्र डॉक्टरांना दाखवाच.