सेन्सर ६०० पीपीएम दाखवतो, तरी हॉल कोंदट का वाटतो?

चोवीस तास चालणाऱ्या कॉल सेंटरमध्ये ताज्या हवेचा डॅम्पर (बाहेरची हवा कमी-जास्त आत सोडणारी झडप) कार्बन डायऑक्साइड सेन्सरवर चालत असेल, तर पहिला संशय सेन्सरच्या आपोआप होणाऱ्या कॅलिब्रेशनवर (स्वतःचं माप स्वतःच जुळवून घेण्यावर) घ्या. अनेक एनडीआयआर (अवरक्त किरणांनी वायू मोजणारे) सेन्सर गेल्या काही दिवसांतलं सर्वांत कमी रीडिंग बाहेरच्या हवेचं, म्हणजे साधारण ४०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग), धरून चालतात. तुमचा हॉल कधी रिकामाच होत नाही. आतली पातळी ७०० च्या खाली जात नसेल, तर सेन्सर त्यालाच हळूहळू ४०० म्हणू लागतो आणि डॅम्पर मिटत जातो.

आपोआप कॅलिब्रेशनची ही सोय सेटिंगमधून बंद करा. सेन्सर उघड्या गच्चीवर न्या, २०-३० मिनिटं स्थिरावू द्या, तुमचा श्वास त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही इतके लांब उभे राहा आणि ४२० वर हाताने कॅलिब्रेट करा. दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासा.

जागाही बघा: जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर, दारापासून आणि एसीच्या झोतापासून दूर. डॅम्पर ६०० ला उघडू लागून १००० ला पूर्ण उघडावा. नुसतं चालू-बंद ठेवलं तर तो सारखा हेलकावतो. डॅम्परचं किमान उघडेपण मात्र शून्यावर कधीच नेऊ नका, कारण रंगाचा, फर्निचरचा वास या सेन्सरला कळत नाही.