स्क्रू पाना असताना बाकीचे पाने कशाला? आणि नट गोल का होतो?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: घरात एक स्क्रू पाना (तोंड लहान-मोठं करता येणारा) असताना रिंग, सॉकेट वगैरे घ्यायची गरज काय, आणि स्कूटरचा नट खोलताना त्याचे कोपरे का झिजले. दुसऱ्या प्रश्नात पहिल्याचं उत्तर आहे. पाना नटाला किती ठिकाणी आणि किती घट्ट धरतो, यावर सगळं ठरतं.

फिक्स पाना (दोन्ही टोकांना उघडं तोंड असलेला) नटाच्या समोरासमोरच्या दोनच बाजूंना धरतो आणि सगळा जोर दोन कोपऱ्यांवर येतो. रिंग पाना (बंद कड्यासारखं तोंड असलेला) सहाही कोपऱ्यांवर बसतो. त्यामुळे जाम नट सोडवताना आणि शेवटी आवळताना रिंगच लावायची, आणि सैल झालेला नट भराभर काढायला फिक्स. कॉम्बिनेशन पान्यात एका मापाची ही दोन्ही तोंडं मिळतात, म्हणून घरासाठी मी तोच सुचवेन. फिक्स पान्याचं तोंड दांड्याला १५ अंश तिरकं असतं ते मुद्दाम. अडचणीच्या जागी पाना ३० अंश फिरला की काढायचा, उलटा करून पुन्हा लावायचा, नट फिरत राहतो.

मापात लोक फार चुकतात. पान्यावरचा आकडा हा नटाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर असतो, बोल्टची जाडी नव्हे. ६ मिमी बोल्टला १० चा पाना लागतो, ८ मिमीला बहुतेकदा १३ चा. जपानी धर्तीच्या गाड्यांवर ८ मिमीलाच १२ चा आणि १० मिमीला १४ चा नट सापडतो. १२ च्या नटावर १३ चा पाना चढतो, थोडा जोरही घेतो, आणि मग कोपरे खातो. पाना चढवून नुसता हलवून बघा. खुळखुळला तर माप चुकलंय. इंची मापात ३/४ आणि १९ मिमी जवळपास सारखेच (१९.०५), पण ७/१६ म्हणजे ११.१ मिमी, त्यावर ११ चा पाना नीट बसत नाही.

आता तुमचा स्क्रू पाना. त्याचा एक जबडा अखंड असतो, दुसरा स्क्रूवर सरकतो, आणि सरकत्या जबड्यात थोडी ढिलाई राहतेच. म्हणून तो नटावर तिरका न धरता पूर्ण आत घालायचा, स्क्रू फिरवून जबडा घट्ट टेकवायचा, आणि दांडा सरकत्या जबड्याच्या बाजूला ओढायचा, म्हणजे मुख्य जोर अखंड जबड्यावर येतो. उलट ओढलात तर सरकता जबडा उघडतो आणि पाना निसटतो. नट गोल होण्याचं घरातलं नेहमीचं कारण हेच. नळाच्या मोठ्या, चपट्या नटांना हा पाना उत्तम. जाम बोल्टला नको.

पाईप पाना वेगळ्या तत्त्वावर चालतो. त्याचा वरचा आकडीसारखा जबडा मुद्दाम सैल ठेवलेला असतो. दांडा ओढला की तो कलतो आणि दातांची पकड आणखी घट्ट होते, पण एकाच दिशेला. जबड्याचं उघडं तोंड ज्या बाजूला, त्या बाजूला ओढायचं, आणि पाईप व आकडीची पाठ यांत साधारण अर्धा इंच जागा सोडायची. पाईप थेट पाठीला टेकला की पकड सुटते. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाईपसाठी तो हवाच. क्रोमच्या नळाला किंवा षटकोनी नटाला मात्र लावू नका, दात कायमचे उमटतात.

सॉकेट, म्हणजे गोटी, खोल जागेतल्या नटासाठी. बारा खाचांची गोटी दर ३० अंशांनी बसते, सहा खाचांची ६० अंशांनी; पण गंजलेल्या नटाला सहा खाचांचीच घ्या, ती बाजूंवर जोर घेते. ॲलन की (बोल्टच्या डोक्यातल्या षटकोनी खड्ड्यात घालायची वाकडी चावी) लावण्याआधी बोल्टच्या खड्ड्यातली माती टोकदार तारेने काढा. की अर्धीच आत गेली की खड्डा गोल होतो.

पाना मापानुसार लांब-आखूड असतो, तोही विचार करून. १० चा पाना साधारण १४ सेंमी असतो. त्यावर ७ किलोचा जोर दिला की सुमारे १० न्यूटन-मीटर (टॉर्कचं, म्हणजे पिळण्याच्या जोराचं एकक) होतात, आणि ८.८ ग्रेडच्या (हा बोल्टच्या ताकदीचा आकडा) ६ मिमी बोल्टला तेवढेच पुरे. पाईप अडकवून दांडा दुप्पट केलात तर त्याच हाताने २० होतात. आटे जातात किंवा बोल्ट तुटतो. इंजिनवर, विशेषतः ॲल्युमिनियममधल्या आट्यांवर, टॉर्क पानाच (आत स्प्रिंग असलेला, लावलेल्या आकड्याएवढा जोर आला की क्लिक करणारा) वापरा, आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. आट्यांना तेल लावून तोच कोरड्या आट्यांचा आकडा दिला तर बोल्ट जास्त ताणला जातो, कारण टॉर्कचा बहुतेक भाग घर्षणातच खर्च होत असतो. क्लिक झाली की थांबा. काम झाल्यावर स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणा, आणि या पान्याने नट कधीही खोलू नका.

तुमचा गोल झालेला नट १३ चा असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून पंधरा-वीस मिनिटं थांबा. मग १/२ इंची (१२.७ मिमी) सहा खाचांची गोटी हातोडीने हळूहळू ठोकून बसवा आणि झटका न देता सलग जोर लावा. नाहीच बसली तर कानशीने दोन समोरासमोरच्या बाजू घासून १२ चा फिक्स पाना बसेल अशा करा. निघाल्यावर तो नट टाकून द्या, नवा लावा.