वांडाने दुःख नेमकं कधी स्वीकारलं?

प्रश्न : धाकटा भाऊ जाऊन वर्ष होत आलं. परवा 'वांडाव्हिजन' या मार्व्हलच्या मालिकेचा आठवा भाग पाहिला. दुःख म्हणजे टिकून राहिलेलं प्रेमच, अशा अर्थाचं जादूगार नायिका वांडाचा यंत्रमानव जोडीदार व्हिजन बोलतो आणि मला रडू आवरेना. मैत्रीण म्हणते, स्वीकाराच्या पायरीवर आलीस की रडू थांबेल. व्हिजन बोलतो तो हाच स्वीकार का?

उत्तर : नाही हो. तो प्रसंग आठवा. वांडाचा जुळा भाऊ पिएत्रो गेलाय, ती टीव्हीवर विनोदी मालिका बघत बसलीय. लाट अंगावर येते, उठावं तर पुन्हा पाडते, शेवटी बुडवणार, असं ती म्हणते. तिची समजूत घालणाऱ्या व्हिजनला गमावण्यासारखं जवळचं कुणी कधी नव्हतंच. तो स्वतःच तसं सांगतो. सांत्वन सुंदर आहे, पण हेच ऐकलेली वांडा पुढे व्हिजन गेल्यावर वेस्टव्ह्यू हे अख्खं गाव जादूच्या भिंतीआड आपल्या दुःखात कोंडते.

स्वीकार मला दिसला तो शेवटच्या, नवव्या भागात. गावकरी वांडाला घेरतात. त्यातली एक आई विनवते, माझी आठ वर्षांची मुलगी खोलीत अडकलीय. तिला तुझ्या मुलांची मैत्रीण कर, नाहीतर शाळेतली दांडगट पोरगी कर, काहीही कर, पण मला तिला जवळ घेऊ दे. माझ्या मते सगळ्या मालिकेतला हा सर्वांत भयंकर क्षण, मारामाऱ्या गेल्या खड्ड्यात. वांडा जादूची भिंत उघडते, पण तिने जादूनेच घडवलेला नवरा आणि मुलं विरायला लागतात तशी घाईने पुन्हा मिटते. इथे ती मला फार खरी वाटली. मग रात्री मुलांना पांघरूण घालून, आई म्हणून मला निवडलंत, असे त्यांचे आभार मानते, आणि सगळं जाऊ देते. डोळे तेव्हाही भरलेलेच असतात.

मैत्रिणीला सांगा, नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार या पाच पायऱ्या मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९मध्ये मांडल्या त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी कधी रडायचं थांबावं, याचं ते वेळापत्रक नव्हे. आणि तुम्ही कुणाला कोंडलेलं नाही. भावासाठी रडताय, एवढंच.

नववा भाग दोघी मिळून बघा. श्रेयनामावलीनंतर थांबायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. तिथे वांडाला पुन्हा मुलांच्या हाका ऐकू येतात.