दुपारी दोनचा फोटो मागा

प्रश्न: फेब्रुवारीत साताऱ्यात माझं लग्न आहे. साखरपुडा आणि लग्न एकाच दिवशी, मुहूर्त दुपारी 12.35चा. इन्स्टाग्रामवर चार-पाच मेकअप आर्टिस्ट बघून ठेवल्यात. सगळ्यांचं काम छानच दिसतंय आणि सगळ्या पूर्ण पैसे आधी मागतायत. मैत्रिणीच्या लग्नात ऐनवेळी भलतीच मुलगी मेकअपला आली होती, त्यामुळे धाकधूक वाटतेय. मेकअप आणि हेअर दोन्ही करणारी विश्वासू आर्टिस्ट ओळखायची कशी?

उत्तर:

मी मेकअप करत नाही, लग्नांचे फोटो काढते. मेकअपवाल्या ताईंचं काम संपतं तिथं माझं सुरू होतं. त्यांनी केलेलं दिवसभर टिकलं का, हे त्यांच्यापेक्षा मला जास्त माहीत असतं, कारण बऱ्याच जणी अंतरपाट धरायच्या आत पेटी आवरून निघालेल्या असतात.

इन्स्टाग्रामवर तुम्ही जे बघताय ते मेकअप झाल्यावर पाच मिनिटांच्या आतलं आहे. रिंग लाइट समोर, वर फिल्टर. त्यात वाईट कुणीच दिसत नाही, म्हणूनच तुम्हाला पाचही जणी सारख्याच छान वाटतायत. त्यांच्याकडे दुपारी दोनचा फोटो मागा. मंगलाष्टकं झालीत, केसांत अक्षता अडकल्यात, लाजाहोमाच्या धुरानं डोळ्यांना धार लागून गेलीय, स्टेजवर निम्म्या गावाबरोबर फोटो काढून झालेत आणि आता नवरी नवऱ्याला घास भरवायला बसलीय, त्या वेळचा, एडिट न केलेला. व्हिडिओ असेल तर उत्तमच. चांगल्या आर्टिस्टला हे मागितल्याचा राग येत नाही, उलट तिच्याकडे असे फोटो असतात, आधीच्या नवरीमुलींनी हौसेनं पाठवलेले. नसतील तर त्या लग्नाच्या फोटोग्राफरचा नंबर मागा. आम्ही कुणाच्या तोंडावर कुणाला नावं ठेवत नाही, पण ‘एडिटिंगला किती वेळ गेला’ एवढं विचारलंत तरी पुरेसं कळेल.

अकाउंट बघताना आणखी एक खूण सांगते. मॉडेलला नटवून केलेलं शूट आणि खरी नवरी यांत फरक असतो. खऱ्या नवरीच्या हातावर मेंदी रंगलेली असते, चुडा भरलेला असतो, नखांच्या कडेला हळद राहिलेली असते, मागे कुणाची तरी मावशी पिशवी धरून उभी असते. सगळेच फोटो एकाच भिंतीसमोरचे आणि बायका त्याच त्या असतील तर ते क्लासमधलं सरावाचं काम असू शकतं. वाईट असेलच असं नाही, पण ते लग्न नव्हे. दुसऱ्याचे फोटो उचलून आपले म्हणून टाकणारेही आहेत. संशय आला तर गूगल लेन्समध्ये फोटो टाकून तो आणखी कुठं दिसतो ते बघा.

आता चेहरा पांढरा पडण्याबद्दल, कारण हा माझ्या पोटावर पाय देणारा विषय आहे. आरशात छान दिसणारी नवरी फ्लॅशच्या फोटोत कधीकधी पिठात तोंड घातल्यासारखी दिसते. मेकअप बसवायला वरून मारलेल्या ‘एचडी’ पावडरमध्ये सिलिका असते, आणि सनस्क्रीनवाल्या फाउंडेशनमध्ये झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड. या गोष्टी फ्लॅशचा प्रकाश सरळ कॅमेऱ्याकडे परत फेकतात. कमी वापरल्या तर काही होत नाही, थापल्या तर होतं. दुसरं कारण आपलंच आहे: ‘जरा उजळ करा हं’ म्हणणारी आत्या प्रत्येक नवरीच्या खोलीत असते. मग फाउंडेशन दोन शेड वरचं लागतं आणि चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या, मेंदीचे हात तिसऱ्या. ज्या आर्टिस्टनं तुमच्या मानेवर, जबड्याच्या कडेला शेड लावून बघितली आणि आत्यांना गोड बोलून गप्प केलं, तिच्यावर माझा निम्मा विश्वास तिथंच बसतो.

हे सगळं ट्रायलमध्ये कळतं, म्हणून ट्रायलचे पैसे वेगळे पडले तरी द्या. ट्रायल सकाळी करून घ्या, लग्नातल्या ब्लाउजच्या रंगाचं काहीतरी घालून जा आणि संध्याकाळपर्यंत तोंड धुऊ नका. घराबाहेर उन्हात एक फोटो काढा, रात्री दिवे घालवून फ्लॅश मारून एक काढा. पापण्या चिकटवायचा गोंद आणि फाउंडेशन लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा अंगाला लागू देऊ नका. गोंदानं काहींच्या पापण्या सुजतात. आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक-दोन दिवस वाट बघा.

ट्रायलला तिची पेटीही बघून घ्या. ब्रश धुतलेले आहेत का, लिपस्टिक सरळ कांडीनं ओठांना लावते की खरवडून ब्रशनं, मस्काऱ्याची कांडी प्रत्येकीला नवी की सगळ्या करवल्यांना तीच. एकीचे डोळे आले की घरभर येतात. महागड्या परदेशी ब्रँडचे डुप्लिकेट बाजारात उघड मिळतात. भारतात रीतसर आयात झालेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक छापलेला असावा लागतो. डबी उलटी करून बघायला लाजू नका.

केसांचं लोक गृहीत धरतात आणि फसतात. आपल्या नवरीच्या कपाळावर मुंडावळ्या येतात, त्यांची गाठ मागे अंबाड्याखाली जाते. पुढे उंच पफ काढला असेल तर मुंडावळ्या एक तर त्यात रुततात किंवा घसरून भुवईवर येतात, आणि मग मंगलाष्टकं होईपर्यंत नवरीचा एक हात कपाळाला. म्हणून आर्टिस्टला विचारा: मुंडावळ्या कोण बांधणार, त्या वेळी तुम्ही तिथं असाल ना? नथ दाबाची की टोचलेली, गजरा खरा की कापडी, नऊवारी शिवलेली की नेसवायची, साखरपुड्याच्या साडीतून मुहूर्ताच्या साडीत यायला किती वेळ मिळणार, हे तिनं आपणहून विचारलं तर तिनं लग्नं केलीयत. तुमचा साखरपुडा आणि मुहूर्त एकाच दिवशी आहे, म्हणजे मधे तास-दीड तास मिळाला तर नशीब. तेवढ्यात पूर्ण हेअरस्टाइल मोडून नवी करते म्हणणारीपेक्षा ‘आधी साधा अंबाडा घालू, मुहूर्ताला त्यावरच खोपा बसवू’ म्हणणारी बरी. आणि केस आदल्या दिवशी धुवा, त्याच सकाळी नको. ताज्या धुतलेल्या केसांत पिना टिकत नाहीत.

एअरब्रशचा मोह होईल. त्यात छोट्या काँप्रेसरनं फाउंडेशन फवारतात, बेस पातळ आणि एकसारखा बसतो, फोटोत मला आवडतो. पण रडून ओघळ आले तर वरून स्पंजनं दुरुस्त करताना डाग दिसतात, आणि पाठवणीला तुम्ही रडणार. शिवाय कार्यालयातल्या नवरीच्या खोलीत बहुधा एकच प्लग चालू असतो आणि त्यावर कुणाचा तरी मोबाइल असतो. स्वतःचा एक्स्टेंशन बोर्ड घेऊन येणारी आर्टिस्ट दिसली की मला हायसं वाटतं.

‘फिल्म लाइनचा अनुभव’ याला फार भुलू नका. सेटवर दिवे ठरलेले असतात आणि प्रत्येक शॉटआधी टचअपला माणूस उभा असतो. तुमच्या लग्नात दोन्ही नसतं. (जाता जाता: मुंबईच्या सिनेमातली संघटना बायकांना मेकअप आर्टिस्टचं कार्ड देतच नव्हती, फक्त हेअरड्रेसरचं. चारू खुराना यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2014मध्ये ती अट बेकायदा ठरवली.)

तुमच्या मैत्रिणीसारखं होऊ नये म्हणून. मुहूर्त मोजके, त्यामुळे एकाच तारखेला एकाच आर्टिस्टकडे पाच-सहा विचारणा येतात. दोन नवऱ्या घेऊन एकीकडे असिस्टंट पाठवणं हा या धंद्यातला जुना खेळ आहे. सरळ विचारा: त्या दिवशी तुमच्याकडे आणखी किती नवऱ्या आहेत, कुठं, किती वाजता? टीम असणं गैर नाही, टीममधलं कोण माझ्याकडे येणार ते आधी कळायला हवं. जी मुलगी येणार तिनंच ट्रायल करावी.

मग सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: येणाऱ्या व्यक्तीचं नाव, कार्यालय, पोहोचायची वेळ, किती लुक, साडी नेसवणं, पापण्या, गजरा, प्रवासखर्च यातलं काय धरलंय, मुहूर्तापर्यंत थांबणार का, आजारी पडली तर कोण येणार आणि लग्न पुढे गेलं तर पैशांचं काय. त्यांच्या ‘हो’सकट. माझ्या मते बुकिंगला चौथा ते तिसरा हिस्सा रास्त आहे, बाकी त्या दिवशी काम झाल्यावर. पूर्ण रक्कम आधी मागणाऱ्या सगळ्याच लबाड नसतात. नवरीकडच्यांनी लग्नानंतर पैसे बुडवल्याची उदाहरणंही मी बघितलीयत, त्यामुळे त्यांची भीती खोटी नाही. पण घासाघीस करून बघा आणि जी एक रुपयाही मागे ठेवू देत नाही ती सोडून द्या. पैसे यूपीआयनंच द्या, तारीख आणि काम टिपणीत लिहून. पैसे घेऊन कुणी आलंच नाही तर हे ग्राहक संरक्षण कायद्यात बसतं. 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि तिथं हाच पुरावा लागतो.

शेवटचं, आणि उशीर होण्याचं खरं कारण बहुतेक वेळा हेच असतं: घरातल्या बायका. आर्टिस्ट तुमच्यासाठी सहाला येते आणि साडेसहापर्यंत काकू, वहिनी, दोन करवल्या ‘फक्त जरा आयलायनर’ म्हणून रांगेत. तुमची आर्टिस्ट फक्त तुमची ठेवा. आई, बहिणी आणि वहिन्यांसाठी साताऱ्यातल्याच एखाद्या पार्लरमधली मुलगी वेगळी सांगा, आणि तिला दुसऱ्या खोलीत बसवा.