बटण पट्टीखाली का गेलं?

प्रश्न : काही गृहनिर्माण सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांचं अँड्रॉइड अॅप मी एकटाच सांभाळतो. टार्गेट एपीआय (अॅप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी बनवलंय ते सांगणारा आकडा) 34 वरून 35 केला आणि काही सेक्रेटरींच्या फोनवर 'पावती सेव्ह करा' हे बटण फोनच्या खालच्या पट्टीत (मागे, होम वगैरे बटणांच्या) अडकलं. बाकीच्यांकडे सगळं ठीक. स्क्रीनचा कोड तर बदललेलाच नाही. दरवर्षीची ही धावपळ एकट्याने कशी निभवायची?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : टार्गेट 35 असलेलं अॅप अँड्रॉइड 15 वर चाललं की सिस्टम त्याला कडेपासून कडेपर्यंत, म्हणजे पट्ट्यांच्या खालीही, पसरवते. अँड्रॉइड 14 वर तसं होत नाही, म्हणून तिथे सगळं ठीक. जेश्चर वापरणाऱ्या फोनवर खालची पट्टी बारीक असते, चूक लपून जाते. चाचणी तीन बटणांच्या पट्टीवरच करा.

थीममध्ये सूट मागणारी ओळ टाकून तात्पुरतं भागतं, पण टार्गेट 36 झाला की अँड्रॉइड 16 ती ओळ जुमानत नाही. त्या वाटेला जाऊ नका. मूळ लेआउटला विंडो इन्सेट्सचा (पट्ट्या आणि कीबोर्ड यांनी व्यापलेल्या जागेचा) लिसनर लावा आणि सिस्टम बार्सची, म्हणजे वरच्या-खालच्या पट्ट्यांची, जी उंची मिळेल तेवढं पॅडिंग द्या. रक्कम भरताना कीबोर्ड उघडतो, तेव्हा पट्टी आणि कीबोर्ड यांतली जी उंची मोठी ती घ्या. कीबोर्डच्या आकड्यात पट्टी आधीच धरलेली असते. बेरीज केलीत तर बटण कीबोर्डच्या वर अधांतरी लटकतं. कंपोझमध्ये (स्क्रीन बांधायचं अँड्रॉइडचं टूलकिट) स्कॅफोल्ड हा स्क्रीनचा सांगाडा इनर पॅडिंग देतो, पण ते आतल्या यादीला लावायचंच राहून जातं.

आता वर्षाचं गणित. 2025 मध्ये टार्गेट वाढवण्याची प्ले स्टोअरची मुदत 31 ऑगस्ट होती, म्हणजे ऐन गणपतीत. प्ले कन्सोलमधून मागितली तर 1 नोव्हेंबरपर्यंत वाढ मिळत होती. मुदत उलटली की जुन्या टार्गेटवर एका ओळीची दुरुस्तीही चढवता येत नाही. एकट्या डेव्हलपरला हे फार जाचक आहे, म्हणून काम उन्हाळ्यातच सुरू करा. आधी फक्त कंपाइल एसडीके (कोड अँड्रॉइडच्या ज्या आवृत्तीवर बांधला जातो ती) वाढवा. त्याने अॅपचं वागणं बदलत नाही, बिल्ड कुठे अडतो तेवढं कळतं. मग डीबग बिल्ड घेऊन डेव्हलपर ऑप्शन्समधल्या 'अॅप कम्पॅटिबिलिटी चेंजेस'मध्ये एकेक बदल चालू करून पाहा. टार्गेट न वाढवताच काय मोडणार ते दिसतं. शेवटी टार्गेट वाढवलेली आवृत्ती वेगळी काढा, तिच्यात दुसरं काही घालू नका. सुरुवातीला 20 टक्के लोकांनाच द्या. बिघडलं तर रोलआउट थांबवता येतो.

प्रश्न : माझं अॅप पूर्ण कोटलिनमध्ये आहे. तरी 16 केबी मेमरी पानांचा इशारा येतो. का?
— एक वाचक, दादर

उत्तर : तुमचा कोड कोटलिनमध्ये असेल, पण बारकोड किंवा पीडीएफची लायब्ररी सोबत 'एसओ' फाइल (सी किंवा सी++ मधून बांधलेला तयार कोड) आणते. ती 4 केबीच्या पानांसाठी (फोन मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो ती पानं) बांधलेली असेल तर 16 केबी पानांच्या फोनवर लोड होताना अडते. अँड्रॉइड स्टुडिओच्या एपीके अॅनालायझरमध्ये 'लिब' फोल्डर उघडा, दोषी फाइल कोणती ते दिसेल. लायब्ररीची नवी आवृत्ती घ्या आणि अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन (अॅप बिल्ड करणारं साधन) किमान 8.5.1 ठेवा. स्वतःचा सी++ कोड असेल तर एनडीके 28 वर पुन्हा बांधा. लायब्ररीचा कर्ताच थांबला असेल, तर ती बदलण्यावाचून गत्यंतर नाही.