समुद्र नाही, पण काठ आहे की!

प्रश्न : ताई, माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला किड्यांचं भारी वेड. त्याची मावसभावंडं सुट्टीत अलिबागला जातात आणि खेकड्यांचे, शिंपल्यांचे फोटो पाठवतात. मग हा दोन दिवस तोंड फुगवून बसतो. आपल्याकडं उन्हाळ्यात सगळं करपलेलं. याला कुठं न्यावं? — एक वाचक, बीड

उत्तर : पैठणला न्या. एक रात्र मुक्काम करा आणि पहाटे नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठावर हजर व्हा. मी या तालुक्यातल्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. फळ्यावर किती बेडूक काढले त्याला गणती नाही. पण पोरांना खरं काही दाखवता आलं ते या काठावरच.

जायकवाडीचं पाणी पसरट आणि उथळ आहे. त्यामुळं एप्रिल-मेमध्ये ते भराभर मागं सरकतं आणि मैलोन्‌मैल गाळ उघडा पडतो. त्यावर कुणी गाळपेर करून काकडी-टरबूज घेतं, बाकीचा तडकून पडतो. तुम्ही त्या तडकलेल्या भेगांत वेळ घालवू नका. कोरडी माती जिथं संपते आणि ओल जिथं सुरू होते, तिथं चार-पाच हात रुंदीचा पट्टा असतो. त्याच्या कडेकडेनं चाला. साडेसहा ते साडेआठ, बस्स. नंतर मीसुद्धा तिथं उभी राहत नाही.

पहिल्यांदा वाघभुंगेरा शोधा. नखाएवढा असतो, पाय लांब आणि काटकुळे, अंगावर चकाकी. तो सुसाट पळतो, मधेच गपकन थांबतो, परत पळतो. पोरं म्हणतात, "मॅडम, हा दमला." दमला नाही हो. तो इतक्या वेगात पळतो की डोळ्यांना समोरचं टिपायला उजेड पुरत नाही; पळता पळता त्याला भक्ष्य दिसेनासं होतं. म्हणून थांबायचं, बघायचं, पुन्हा धावायचं. त्याच्या मागं पळाल तर तो उडून पुढं जाऊन बसेल. त्यापेक्षा उकिडवं बसा आणि पाच मिनिटं हलू नका. मुलाला हे पाच मिनिटांचं बसणं जमलं, तर बाकीचं सगळं जमेल. जवळपास कडक ओल्या मातीत पेन्सिलीनं पाडल्यासारखी सरळ उभी भोकं दिसली, तर ती याच्या अळीची असू शकतात. अळी डोक्यानं भोकाचं तोंड बुजवून बसते आणि मुंगी जवळ आली की झडप घालते.

गुरं पाण्यावर येतात तिथल्या मुताच्या ओलीवर फुलपाखरं दाटीवाटीनं बसलेली असतात. घाण म्हणून नाक मुरडू नका. त्यांना त्यातले क्षार हवे असतात, आणि बसलेले बहुतेक सगळे नर असतात. लिंबोणीच्या झाडावर अंडी घालणारी लिंबाळी तिथं हमखास भेटते.

आता टिटवी. तिची चार अंडी उघड्या जमिनीवर खड्यांत खडे होऊन पडलेली असतात. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली की आल्या वाटेनं मागं फिरा. एकदा मी फोटोच्या नादात अशा घरट्यापाशी वीस मिनिटं रेंगाळले. भर उन्हाची वेळ. घरी आल्यावर डोक्यात प्रकाश पडला : टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते, आणि मी तिला तेच करू दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिकडं जायचा धीर झाला नाही.

वरून वाळलेला गाळ आतून लोण्यासारखा असतो; गुडघ्यापर्यंत पाय जातो. काठावरच्या मासेमारांना विचारल्याशिवाय मुलाला पुढं सोडू नका. आणि १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा काडेपेटीत भरून काही आणायचं नाही. वहीत चित्र काढू द्या.

प्रश्न : मागच्या मे महिन्यात आम्ही गुहागरला गेलो होतो. पहाटे वाळूवर मोहरी-ज्वारीएवढ्या गोळ्यांची नक्षी होती, दुपारी पाहतो तर काही नाही. कोण करतं हे? — एक वाचक, नांदेड

उत्तर : चिमुकले खेकडे. ओहोटीला ते बिळातून निघतात, वाळू तोंडाशी नेतात, कणांना चिकटलेलं सूक्ष्म अन्न खातात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकून देतात. बिळापासून बाहेर सरकत खातात म्हणून नक्षी चाकाच्या आऱ्यांसारखी दिसते. भरती आली की पाटी कोरी.

पुन्हा जाल तेव्हा पंचांग घेऊन जा. कोकणातला जुना हिशेब : तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहाला, पुनव-अवसेला अकरा-बाराला. ओहोटी त्याच्या सहा तास मागं-पुढं. म्हणजे पुनवेच्या किंवा अवसेच्या सुमारास गेलात तर ऐन पहाटे ओहोटी, आणि त्या दिवसांत पाणी सगळ्यांत लांबही जातं. आम्ही मराठवाड्यातली माणसं सुट्टी बघून समुद्रावर जातो, तिथी बघून नाही. मग भरतीत पाय भिजवून परत.

प्रश्न : मृगाच्या तोंडावर शेतात चतुरांचे थवे उडतात. वडील म्हणायचे, पाऊस आला. यात तथ्य आहे का? — एक शेतकरी, परभणी

उत्तर : बरंचसं आहे. हे पिवळसर चतुर बहुतेक भटके असतात, ओलसर वाऱ्याबरोबर येतात. त्यांची पिल्लं पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत दीड-दोन महिन्यांत वाढतात, त्यामुळं पावसाच्या मागं फिरण्याशिवाय त्यांना गत्यंतर नाही. पावसाळा सरला की हेच चतुर हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेकडं जातात, असं अभ्यासक मानतात. वाटेत मालदीवच्या बेटांवर त्यांचे थवे उतरतात. बोटाएवढा जीव! बीडच्या त्या रुसलेल्या मुलालाही हे कुणीतरी सांगा.

पण चतुर दिसले म्हणून तिफण जुंपू नका. ते वाऱ्याबरोबर येतात, आणि वारा नुसता येऊनही जातो. वीतभर ओल झाल्याशिवाय पेरायचं नाही, हे तुमच्या वडिलांनीच सांगितलेलं असणार.